टॉर्च पेटत नाही? आधी दोष शोधा, मग ठरवा: पिवळा बल्ब की एलईडी

या आठवड्याच्या एपिसोडचा हा लिखित मजकूर. बोलताना मध्ये मध्ये आलेले "म्हणजे काय की" थोडे छाटलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय. घरात बंद पडलेली टॉर्च असेल तर ती समोर घेऊनच वाचा. वाचता वाचता दुरुस्तही होईल कदाचित.

प्रश्न साधारण असा असतो: घरात दोन सेलची जुनी टॉर्च आहे. कधी पेटते, कधी नाही. थापटली की पेटते, चार पावलं चाललं की विझते. घरचे म्हणतात बल्ब बदल. दुकानदार म्हणतो आता एलईडीचा जमाना आहे, नवीनच घ्या. ऐकायचं कोणाचं?

एक शब्दाचं आधी सांगतो. आपल्याकडे टॉर्चला सरळ "बॅटरी" म्हणतात. पण चार्जिंगच्या टॉर्चमध्ये आत आणखी एक बॅटरी असते, म्हणून गोंधळ नको. पूर्ण वस्तूला मी टॉर्च म्हणणार, आणि आत टाकतो ते सेल.

मोबाईल असताना टॉर्च कशाला?

शहरात राहणाऱ्याला हा प्रश्न पडेल. जालना जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरात पडणार नाही. शेतीपंपाला थ्री फेज लाईट चक्राकार पद्धतीने येते: कधी दिवसा ८ तास, कधी रात्री १० तास. रात्रीची पाळी आली की गहू असो, हरभरा असो, मोसंबीची बाग असो, दारं रात्रीच धरावी लागतात. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्याने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, २०२३ मध्ये तिचा २.० टप्पा सुरू झाला. पण तुमच्या फीडरवर दिवसाची लाईट येत नाही तोपर्यंत रात्री दोन वाजता चिखलात उभं राहणं सुटत नाही.

आणि त्या चिखलात काय असतं ते आपल्याला माहीत आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. मण्यार तर रात्रीच बाहेर पडते. पुढचं पाऊल कुठे पडतंय हे दिसणं ही तिथे जिवाची गोष्ट आहे.

मोबाईलचा फ्लॅश जवळचं दाखवतो, कारण त्याच्यापुढे लांब झोत टाकणारा रिफ्लेक्टर नसतो. एका हातात फावडं, दुसऱ्या हातात मोबाईल, खाली पाणी. आणि मोबाईलची चार्जिंग ही १०८ ला फोन करण्यासाठी राखून ठेवायची गोष्ट आहे, वाट बघायला खर्च करायची नाही. म्हणून टॉर्च वेगळी हवी, आणि ती भरवशाची हवी. "कधी पेटते, कधी नाही" अशी टॉर्च बंद टॉर्चपेक्षा वाईट, कारण तिच्या भरवशावर माणूस घराबाहेर पडतो.

टॉर्च म्हणजे एक गोल

आपण कोड डीबग करतो तेव्हा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचत बसत नाही. मधोमध थांबून बघतो: इथपर्यंत बरोबर आहे का? बरोबर असेल तर दोष पुढच्या अर्ध्यात. टॉर्चचंही तेच करायचं.

टॉर्चमध्ये वीज एका गोलात फिरते. सेलच्या टोकातून निघते, बल्बच्या बुडातून आत जाते, बल्बच्या धातूच्या कडेतून बाहेर येते, तिथून टॉर्चचं अंग किंवा आतली पत्र्याची पट्टी, मग स्विच, मग मागच्या झाकणाची स्प्रिंग, आणि परत सेलच्या बुडात. हा गोल कुठेही एका जागी तुटला की अंधार. बस, एवढंच. टॉर्चचा प्रत्येक दोष या गोलातल्या कोणत्या तरी एका सांध्यात असतो.

आता गोलाचे दोन भाग करा. बल्ब बाहेर काढा, सेल बाहेर काढा. दोन्ही सेल एकावर एक ठेवा, बल्बचं बूड वरच्या सेलच्या टोकावर टेकवा आणि एका वायरच्या तुकड्याने बल्बची धातूची कडा खालच्या सेलच्या बुडाला जोडा. वायर नसेल तर ॲल्युमिनियम फॉइलची पट्टीही चालते.

पेटला? मग सेल आणि बल्ब दोन्ही ठीक. दोष अंगात, स्विचमध्ये किंवा स्प्रिंगमध्ये. नाही पेटला? मग दोष सेलमध्ये किंवा बल्बमध्ये. एका मिनिटात अर्धी टॉर्च संशयातून बाहेर.

सेल: मीटर कधी फसवतो

नव्या साध्या सेलचा दाब १.५ व्होल्टच्या थोडा वर असतो. दोन सेल एकामागे एक, म्हणजे ३ व्होल्ट. मल्टीमीटर असेल तर मोजा, पण एक लक्षात ठेवा: नुसता सेल मोजला आणि १.४ दिसलं, तर तो चांगला आहे असं सिद्ध होत नाही. सेल जुना झाला की त्याचा आतला रोध वाढतो. रिकामा असताना तो १.४ दाखवतो आणि बल्ब जोडला की धाडकन खाली येतो. म्हणून बल्ब पेटत असतानाच मोजायचं. तेव्हा एका सेलवर १.१ च्या खाली दिसलं तर तो संपत आलाय.

भिंतीवरच्या घड्याळात सेल चालतो म्हणून तो टॉर्चला चालेल असंही नाही. घड्याळाला इतका कमी करंट लागतो की मरणाच्या दारातला सेलही त्याला महिनोन्‌महिने पुरतो.

मीटर नसेल तर पिवळ्या बल्बनेच तपासा. एका वेळी एकच सेल जोडा. बल्ब मंद पेटेल, पण पेटेल. ज्या सेलवर तो अगदीच लालसर होतो किंवा पेटतच नाही, तो गुन्हेगार. ही युक्ती एलईडीवर चालत नाही, कारण एकट्या १.५ व्होल्टवर पांढरा एलईडी, आत खास सर्किट नसेल तर, पेटतच नाही. त्यावरून सेल खराब ठरवू नका.

आता घरोघरी चालणारे दोन प्रकार. पहिला, संपलेले सेल उन्हात ठेवणं. उन्हाने सेलमधली रासायनिक क्रिया थोडा वेळ जोर धरते, म्हणून टॉर्च थोडी पेटते. पण नवीन ऊर्जा काही आत जात नाही, आणि तापलेला जुना सेल पाझरायची भीती वाढते. दुसरा, एक नवा आणि एक जुना सेल घालणं. जुना आधी संपतो, नवा त्याच्यातून जबरदस्तीने करंट ढकलत राहतो, आणि जुना फुटतो. बदलायचे तर दोन्ही एकदम, एकाच कंपनीचे.

पाझरलेला सेल आणि हरवलेला उजेड

साध्या सेलचं बाहेरचं जस्ताचं डबडं हेच त्याचं ऋण टोक असतं. सेल वापरला जातो तसं ते डबडं आतून खाल्लं जातं. टॉर्च सहा महिने तशीच कपाटात पडली की जस्ताला भोक पडतं आणि आतलं खारट रसायन स्प्रिंगवर येतं. मग पांढरी-हिरवी पावडर, गंज, आणि "टॉर्च खराब झाली".

खराब वगैरे काही नाही. हातात प्लास्टिकची पिशवी घाला, सेल काढा. साध्या सेलची पावडर थोडी आम्लधर्मी असते, तिला चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या ओल्या फडक्याने पुसा. अल्कलाइन सेल असेल तर उलटं: फडक्यावर लिंबाचे दोन थेंब. मग कोरड्या फडक्याने पुसा, नीट वाळू द्या, आणि स्प्रिंग, पट्टी, सेलची टोकं काचपेपरने हलकी घासा. धातू चमकला पाहिजे. स्प्रिंग दबलेली असेल तर थोडी ओढून लांब करा.

एवढ्याशा गंजाने काय होतं? हिशेब करू. दोन सेलच्या टॉर्चच्या बल्बवर बहुतेक वेळा "२.५ व्होल्ट, ०.३ ॲम्पिअर" असं कोरलेलं असतं. गंजामुळे वाटेत फक्त १ ओहम रोध आला, तर ०.३ व्होल्ट तिथेच जिरतात. ३ मधला दहावा भाग. वाटेल, दहा टक्क्यांनी काय फरक पडतो? पण पिवळ्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घाताने बदलतो. व्होल्टेज १० टक्के कमी, तर उजेड जवळजवळ ३० टक्के कमी. सेल नवे, बल्ब नवा, तरी उजेड पिवळट? मग काचपेपर घ्या.

स्विच आणि बल्ब

स्विच तपासायला मागचं झाकण काढा. धातूच्या टॉर्चमध्ये सेलचं बूड आणि टॉर्चच्या अंगाची कडा वायरने जोडा. पेटली तर झाकणात किंवा मागच्या स्विचमध्ये दोष. स्विच बाजूला सरकवायचा असेल, तर त्याच्या आतली पितळी पट्टी काळी पडलेली किंवा वाकलेली असते. थापटल्यावर पेटणारी टॉर्च म्हणजे बहुतेक वेळा हाच दोष, किंवा सैल बसलेला बल्ब.

पिवळा बल्ब उजेडात धरून बघा. आतली बारीक तार तुटलेली दिसेल. काच आतून काळी झाली असेल तर तो शेवटच्या दिवसांत आहे. तारेचा टंगस्टन वाफ होऊन काचेवर बसलाय. मीटरवर चांगला बल्ब १ ओहमच्या आसपास दाखवतो, तेव्हा "शॉर्ट झालाय" असं समजू नका. थंड तारेचा रोध कमीच असतो. तापली की तो दहापटीच्या आसपास जातो. म्हणूनच बल्ब बहुतेक वेळा चालू करण्याच्या क्षणी उडतो: तार थंड, रोध कमी, करंटचा एकदम लोंढा.

चार्जिंगच्या टॉर्चचं वेगळं आहे, आणि इथे सावध

स्वस्त चार्जिंग टॉर्चमध्ये भिंतीच्या प्लगला लावायच्या दोन पिना असतात. अशा बऱ्याच टॉर्चमध्ये आत ट्रान्सफॉर्मर नसतो, एका कपॅसिटरने २३० व्होल्टचा करंट आवरलेला असतो. म्हणजे प्लगमध्ये असताना आतल्या प्रत्येक तारेवर मेनचा झटका बसू शकतो. त्यामुळे नियम साधा: प्लगला लावलेली टॉर्च उघडायची नाही, आणि फुटलेलं अंग किंवा निघालेली काच असेल तर चार्जिंगलाच लावायची नाही. प्लगमधून काढल्यावरही कपॅसिटरमध्ये थोडा वेळ चार्ज राहतो, पिनांना लगेच हात लावू नका.

आत बहुतेक वेळा ४ व्होल्टची लेड ॲसिड बॅटरी असते. पूर्ण चार्ज झाली की ४.२ च्या आसपास. तिला दोन गोष्टी मारतात. एक, पूर्ण उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडून राहणं. आत प्लेटवर सल्फेटचा थर बसतो आणि मग ती चार्ज घेत नाही. दुसरी, दिवसरात्र प्लगला लटकवून ठेवणं. स्वस्त सर्किटमध्ये भरल्यावर आपोआप बंद व्हायची सोय नसते, बॅटरी आतून सुकते. म्हणून वापर नसला तरी महिन्यातून एकदा चार्ज करा, आणि कंपनीने लिहिलेले तास झाले की काढा.

मोबाईलसारखी केबल लागते त्या टॉर्चमध्ये लिथियम सेल असतो. तो फुगलेला दिसला तर विषय संपला. टोचायचा नाही, चार्ज करायचा नाही, शेकोटीत टाकायचा नाही. बदलायचा.

पिवळा बल्ब की एलईडी?

आता दुसरा अर्धा भाग. जालन्याच्या स्टील कारखान्यांतल्या भट्टीत भंगार वितळतं ते साधारण १५०० अंशांना. तुमच्या टॉर्चच्या पिवळ्या बल्बमधली तार पेटते तेव्हा २००० अंशांच्याही बरीच वर जाते. दोन सेलवर! एवढी तापवून तिच्यातून उजेड निघतो, पण ऊर्जेचा दहावा भागसुद्धा डोळ्याला दिसणाऱ्या उजेडात येत नाही. बाकी सगळी उष्णता.

एलईडीमध्ये काही तापवून पेटवायचं नसतं. अर्धवाहकातून करंट गेला की थेट प्रकाश. यात अडलं होतं ते निळ्या रंगावर. निळा एलईडी जमवल्याबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळ्यावर पिवळं फॉस्फर लावलं की पांढरा उजेड. तुमच्या टॉर्चमध्ये बंद असताना दिसणारा पिवळा ठिपका म्हणजे तेच फॉस्फर.

आकडे बघा. टॉर्चचा पिवळा बल्ब एका वॅटला साधारण १० ल्युमेन देतो. चांगला एलईडी १०० च्या आसपास. म्हणजे तेवढाच उजेड दहाव्या भागाच्या विजेत, किंवा त्याच सेलवर कितीतरी जास्त रात्री. शिवाय एलईडीत तुटणारी तार नाही. टॉर्च बांधावर पडली तर पिवळ्या बल्बची तापलेली तार तिथेच संपते.

मग पिवळ्यात काहीच चांगलं नाही? आहे. एक, त्याच्या उजेडात रंग खरे दिसतात. स्वस्त पांढऱ्याशुभ्र एलईडीखाली तपकिरी आणि तांबडे रंग फिके पडतात. वाळल्या पाचोळ्यात बसलेली घोणस तपकिरीच असते, म्हणून निळसर पांढऱ्यापेक्षा थोडा पिवळट एलईडी मिळत असेल तर मी तो घेईन. दोन, सेल उतरायला लागले की तो हळूहळू लाल होत जातो, म्हणजे आधी सांगून विझतो. काही एलईडी टॉर्च सर्किटच्या जोरावर शेवटपर्यंत सारख्या पेटतात आणि एकदम बंद होतात. तिसरं, त्याला प्लस-मायनस कळत नाही. सेल उलटे घातले तरी पेटतो.

हे तिसरं लक्षात ठेवा, कारण जुन्या टॉर्चमध्ये एलईडी बल्ब बसवणारे इथेच अडकतात.

जुन्या टॉर्चमध्ये एलईडी बसवताना

बसवता येतो, आणि टॉर्चचं अंग मजबूत असेल तर हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. चार गोष्टी बघा.

१. बूड. जुना बल्ब सोबत न्या. आट्यांचा आहे की कडा असलेला दाबून बसणारा, दोन्ही वेगळे.

२. व्होल्ट. दोन सेलला ३ व्होल्टचा, तीन सेलला ४.५ चा. पांढऱ्या एलईडीला स्वतःलाच ३ व्होल्टच्या आसपास लागतात. आत सर्किट नसलेला एलईडी दोन सेलवर चार दिवस झगमगतो, आणि सेल १.२ वर आले की मेणबत्ती होतो, सेलमध्ये बरीच ऊर्जा शिल्लक असताना. व्होल्टेज वाढवणारं छोटं सर्किट आत असलेला बल्ब मागा.

३. दिशा. सेल उलटे असतील तर एलईडी पेटणार नाही. दोन्ही सेल काढून फिरवून घाला. बल्ब खराब म्हणून फेकू नका. पण उलटा जोडून चालू ठेवून बघत बसू नका, आतलं सर्किट जाऊ शकतं.

४. झोत. जुना रिफ्लेक्टर बारीक तारेच्या जागेसाठी घडवलेला असतो. एलईडी पुढच्याच बाजूला उजेड टाकतो, त्यामुळे झोत पसरट होतो. पायापुढचं बघायला उत्तम, शेताच्या टोकाची मोटर बघायला कमी.

नवीन घ्यायची तर

आधी जाहिरातीच्या आकड्यांचा साधा हिशेब. वॅट गुणिले १०० करा. ३ वॅटच्या टॉर्चवर "१०,००० ल्युमेन" लिहिलंय? तो आकडा शक्यच नाही. १८६५० नावाच्या लिथियम सेलवर "९९०० एमएएच" लिहिलंय? या मापाच्या चांगल्या सेलमध्ये ३५०० च्या आसपास मावतं. एवढे दोन आकडे तपासले तरी अर्ध्या वस्तू यादीतून कटतात.

पाण्याचं बघा. आयपीएक्स-४ म्हणजे शिंतोडे चालतील. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास पडली तरी चालेल. सरीत पडणारी टॉर्च असेल तर दुसरी घ्या.

दारं धरणाऱ्याला माझा सल्ला: डोक्याला बांधायचा एलईडी हेडलॅम्प मुख्य, कारण फावड्याला दोन्ही हात मोकळे हवेत. आणि खिशात साध्या सेलची एलईडी टॉर्च राखीव. दोन्ही चार्जिंगच्या नकोत. गावात सिंगल फेज दोन दिवस गेली तर चार्जिंगच्या सगळ्या टॉर्च एकदमच झोपतात, सेल मात्र किराणा दुकानात मिळतो. जुनी पितळी टॉर्च असेल तर फेकू नका. काचपेपर मारा, एलईडी बल्ब बसवा, तीच राखीव.

आणि कितीही चांगली टॉर्च असली तरी गमबूट आणि काठी सुटायला नको. दंश झालाच तर कापणं, चोखणं, घट्ट दोरी बांधणं यातलं काहीही नाही. दंश झालेला हातपाय हलवू न देता १०८ ला फोन, आणि सरळ सरकारी दवाखाना.

या आठवड्यात एकच काम करा. तुमच्या फीडरची रात्रीची पाळी सुरू व्हायच्या आधी, दिवसाउजेडी, घरातल्या सगळ्या टॉर्च गोळा करा, सेल काढून टोकं बघा, आणि प्रत्येक टॉर्च पाच मिनिटं पेटवून ठेवा. जी पाच मिनिटांत मंद होते ती रात्री दोन वाजता काय करेल हे वेगळं सांगायला नको. कुठे अडलात तर टॉर्चचा उघडलेला फोटो आणि तुम्ही काय काय तपासलं ते पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये पंपाच्या स्टार्टरला लावलेल्या ऑटोबद्दल बोलू. भेटू तेव्हा!